बामणोलीच्या बोटीची तुटलेली दांडी

प्रश्न : शिवसागर जलाशयात आमची फायबरची बोट चालते, मागे आउटबोर्ड इंजिन. मे महिन्यात पाणी उतरलेलं असताना ती पाण्याखालच्या एका जुन्या भिंतीवर आदळली आणि बुडाली. बोटीत एकटा मुलगा होता, तो पोहत बाहेर आला. आठ दिवसांनी बोट वर काढली. स्टिअरिंगची वाट लागली आहे, चाक जाम झालंय. मेकॅनिक म्हणतो, सगळं भंगारात घाला. विक्रम करणारी 'ब्लूबर्ड' नावाची बोट तळ्यातून काढून पुन्हा चालवली असं वाचलं. मग आमचं स्टिअरिंग का होणार नाही? मुलगा म्हणतो, चाक उजवीकडे मारलं पण बोट वळलीच नाही. गावात कुणाचा विश्वास बसत नाही. तुटलेली दांडी पार्सलने पाठवत आहे.
– एक वाचक, बामणोली (जि. सातारा)

उत्तर : तुमचं पार्सल मिळालं. दांडी धुतली नाहीत, वर्तमानपत्रात गुंडाळून आहे तशी पाठवलीत, याबद्दल तुमचे मनापासून आभार.

मिरजेत उस्तादांच्या हाताखाली उमेदवारी करत होतो तेव्हा उसाच्या ट्रॉलीसकट उलटलेला एक ट्रॅक्टर आमच्याकडे आला. ड्रायव्हर म्हणत होता, स्टिअरिंग तुटलं. मालक म्हणत होता, याला डुलकी लागली. उस्ताद यायच्या आत मी तो तुटलेला आर्म रॉकेलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने लख्ख केला. उस्तादांनी भिंग लावून पाहिलं आणि "धुतलास?" एवढंच विचारलं. काय आधी मोडलं ते मग कुणालाच सांगता आलं नाही आणि ड्रायव्हरचं काम गेलं. आज चाळीस वर्षांनीही त्याचा चेहरा मला आठवतो.

आता तुमची दांडी. इंजिनाच्या कानाला केबलच्या रॅमशी, म्हणजे चाक फिरवलं की नळीतून आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्याशी, जोडणारी ही दांडी. ती लेथवर जिथे बारीक केली आहे त्या पायरीलाच तुटली आहे. तुटलेलं तोंड उजेडात तिरकं धरलं की दोन भाग वेगळे दिसतात. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, काळपट, आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकामागून एक कमानी. त्या भागात जुनं ग्रीस मुरलेलं आहे, नखाने खरवडलं तर नखाला लागतं. उरलेला भाग खडबडीत, दाणेदार, त्यावर आठ दिवसांच्या पाण्याचा पातळ नारिंगी गंज. एका दणक्यात तुटलेलं लोखंड सगळीकडे सारखंच खडबडीत दिसतं. कमानी पडतात त्या रोजच्या ओढाताणीत चीर थोडी थोडी पुढे सरकते म्हणून. म्हणजे ही दांडी आदळायच्या कितीतरी आधीपासून चिरत आली होती. शेवटी उरलेल्या भागाने सगळा भार घेतला होता.

चीर का पडली तेही दिसतं. दांडी मूळ कंपनीची नाही, कुणीतरी साध्या एमएस (माइल्ड स्टील) बारमधून बनवून दिली आहे आणि पायरीच्या कोपऱ्यात टूलची धार सरळ आत घातली आहे. तिथे गोलाई हवी होती. काटकोनी कोपऱ्यात ताण गोळा होतो आणि चीर तिथूनच निघते.

दांडी भिंतीच्या धक्क्याने तुटली की त्याआधी चाक फिरवताना, हे मात्र माझ्याकडच्या तुकड्यावरून कळणार नाही. ते बोटीवर आहे. धक्का बसतो त्या क्षणी भाग एकमेकांवर आपटतात आणि खूण सोडतात. इंजिन ज्या ब्रॅकेटवर फिरतं तिथे ताजा ठोका शोधा. इंजिन वळलेलं होतं की सरळ, ते त्यावरून समजेल. मग रॅम नळीबाहेर किती आला आहे ते व्हर्नियरने मोजा. चाक जाम आहे हे बरंच झालं, कुणी फिरवलं नसेल तर रॅम अजून त्याच जागी असेल. रॅम उजव्या वळणाच्या मापावर आणि ठोका इंजिन सरळ असताना पडलेला, असं निघालं तर तुमचा मुलगा अक्षरशः खरं बोलतोय. त्याला आजच हे सांगा. चिरेचं तर नक्कीच सांगा, तिच्यात त्याचा काही दोष नाही.

जोडणीचं मापही अवशेषांतच असतं. केबलच्या टोकाचा चेकनट (जोडणी जागेवर घट्ट धरणारा नट) सोडण्याआधी बाहेर दिसणारे आटे मोजा, फोटो घ्या, सेंटर पंचने दोन्हीकडे ठिपका मारा. नट सुटल्यावर त्याच्याखालचे आटे स्वच्छ आणि बाहेरचे मळलेले दिसतील. त्या सीमेवर नवी जोडणी बसवलीत की चाक पूर्वीसारखं मध्यावर येईल.

ब्लूबर्डचं विचारलंत. ब्रिटनच्या डोनाल्ड कॅम्पबेल यांनी त्या बोटीत १९५५ ते १९६४ या काळात पाण्यावरच्या वेगाचे सात विक्रम केले. शेवटचा ताशी २७६ मैलांचा, म्हणजे सुमारे ४४५ किलोमीटरचा. ४ जानेवारी १९६७ला इंग्लंडमधल्या कोनिस्टन तळ्यावर ती ताशी ३०० मैलांच्या आसपास असताना नाक उचलून हवेत उलटली आणि आदळून तिचा पुढचा भाग वेगळा झाला. कॅम्पबेल त्यात गेले. (तिच्यात तेव्हा ऑर्फियस जातीचं जेट इंजिन होतं. आपल्या हवाई दलाच्या नॅट विमानांनाही तेच, बंगळुरूला एचएएलमध्ये बनायचं.) मार्च २००१मध्ये बिल स्मिथ यांच्या चमूने सुमारे दीडशे फुटांवरून सांगाडा वर काढला. पाणी गोडं, वरचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, म्हणून इतक्या वर्षांनंतरही पुष्कळ धातू शाबूत होता. चुरगळलेले पत्रे सरळ करून जमतील तितके परत तिथेच बसवले. ऑगस्ट २०१८मध्ये ती स्कॉटलंडच्या लॉख फॅडवर पुन्हा धावली आणि आता कोनिस्टनच्या रस्किन म्युझियममध्ये आहे.

पण तिथे जुना धातू जपणं हाच हेतू होता. तुमच्या बोटीत उद्या पर्यटक बसणार आहेत. चाक, त्याचा बेस, इंजिनाचे ब्रॅकेट दुरुस्त करून वापरा, पण कुपवाडला एमआयडीसीत नेऊन क्रॅक टेस्टिंग (न दिसणारी चीर शोधायची तपासणी) केल्याशिवाय एकही ब्रॅकेट बसवू नका. केबल आणि हेल्मचा, म्हणजे चाकामागचा, गिअर नवा घ्या. दांडी मूळ कंपनीचीच घ्या. नाहीच मिळाली तर चांगल्या स्टेनलेसमध्ये करून घ्या आणि पायरीला किमान तीन मिलिमीटर गोलाई ठेवायला स्वतः उभे राहून सांगा.

जुनी दांडी परत पाठवत आहे. तोंडाला ग्रीस लावून प्लास्टिकमध्ये बांधली आहे, रॅम आणि ब्रॅकेटची मापं घेऊन होईपर्यंत सोडू नका. मापं मला कळवा.