रुग्णवाहिकेवरच्या चालकाला मास्क आणि ग्लोव्हज पुरेत का?

भाऊ नुकताच रुग्णवाहिकेवर चालक म्हणून लागलाय, मास्क-ग्लोव्हज मिळालेत, तेवढ्यावर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी १०८ च्या गाडीवर डॉक्टर म्हणून बरीच वर्षं काढली. आमच्याकडे चालकाला पायलट म्हणतात.

ग्लोव्हज घालायला सगळ्यांनाच येतात, घोडं अडतं ते काढताना. अपघाताचा पेशंट असतो, पायलट स्ट्रेचरला हात लावतो, दार लोटतो आणि घाईत तसाच स्टिअरिंगवर बसतो. मग गिअरला रक्त, दाराच्या हँडलला रक्त, मोबाईललाही. घरी गेल्यावर त्याच मोबाईलवर पोरगी कार्टून बघते. म्हणून भावाला एवढं पक्कं सांगा: केबिनमध्ये चढण्याआधी ग्लोव्हज उतरवायचे, आतली बाजू बाहेर करत, आणि लगेच हात धुवायचे किंवा सॅनिटायझर लावायचं. मास्क मात्र राहू द्यायचा.

मला स्वतःला करोनापेक्षा टीबीची धास्ती जास्त. खोकणाऱ्या पेशंटला झेपत असेल तर साधा मास्क, आपल्याला एन-९५. बरोबर उलटं करणारे कितीतरी पाहिलेत. दाढी असेल तर एन-९५ चेहऱ्याला नीट बसत नाही, बाजूने हवा शिरते. केबिन आणि पेशंटच्या मधली खिडकी बंद, एसी बाहेरची हवा घेईल असा ठेवायचा आणि मागचा एक्झॉस्ट चालू.

गाडी धुताना रक्तावर थेट हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं द्रावण) ओतून भागत नाही. आधी कागदाने किंवा फडक्याने टिपून घ्या, मग १ टक्का हायपो, १० मिनिटं तसंच. ते रोज ताजं बनवायचं. त्यात ॲसिड कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

आता सुईचं. घाटात, चालत्या गाडीत मी वापरलेल्या सुईला परत टोपण लावायला गेलो आणि टोचून घेतली. टोपण लावायचं नसतं हे पाठ होतं, तरीही. अशा वेळी बोट दाबायचं नाही, चोखायचं तर नाहीच. साबण-पाण्याने धुवून थेट कॅज्युअल्टी गाठायची. एचआयव्हीची लागण टाळायच्या गोळ्या शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. मी २८ दिवस खाल्ल्या, मळमळ अजून आठवते.

आणि भावाला आजच विचारा, हेपॅटायटिस बी च्या लसीचे तिन्ही डोस झालेत का. ‘एक घेतला होता’ असं म्हणाला, तर उरलेले दोन आधी घ्यायला लावा.