शिवारातली माती पिशव्यांत भरून नेली, म्हणजे आमच्याकडे सोनं सापडलं का?

तुम्ही लिहिलंय की भंडारा जिल्ह्यात तुमच्या गावाजवळ एक पथक आलं, नाल्यातला गाळ आणि शेतातली माती पिशव्यांत भरून, नंबर टाकून घेऊन गेलं. तेव्हापासून गावात सोन्याची चर्चा आहे आणि जमिनी जातील अशी धास्तीही. मी भूवैज्ञानिक म्हणून सोन्याच्या शोधकामात होतो, आधी कर्नाटकात आणि नंतर तुमच्याच बाजूला. त्यामुळे आधी उत्तर देतो, मग कारण. माती नेली म्हणजे सोनं सापडलं असं नाही. अनेकदा तर ते पथक केवळ सोन्यासाठी आलेलंही नसतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण देशभर भू-रासायनिक नकाशे करतं. त्यात दर चौरस किलोमीटरला गाळाचा नमुना घेतात, चार नमुने एकत्र करतात आणि त्यात अनेक मूलद्रव्यं तपासतात. सोनं त्यातलं एक.

पण तुमच्या भागात सोनं शोधणं हा वेडेपणा नाही. साकोलीचा पट्टा दोन अब्ज वर्षांच्या घरातल्या खडकांचा आहे आणि त्याच्या बाजूचे आमगावचे नाइस, म्हणजे उष्णता-दाबाने बदललेले पट्टेदार खडक, त्याहून जुने. परसोडी, मरुपार या ठिकाणी सर्वेक्षणाला सोन्याच्या खुणा मिळालेल्या आहेत. कुही तालुक्यात खोबना-आगरगावला टंगस्टन आहे, आणि टंगस्टन बऱ्याचदा सोन्याच्या वाटेनेच येतं. तरीही देशातलं सोन्याचं शोधकाम मुख्यतः कर्नाटकात झालं. कोलारने 2001 साली बंद होईपर्यंत 800 टनांहून जास्त सोनं दिलं आणि हट्टीची खाण आजही चालू आहे, तेव्हा तिकडे लक्ष जाणं स्वाभाविक होतं. आपल्याकडे मँगनीजची कीर्ती झाली, सोनं मागे राहिलं.

जुन्या खडकांत सोनं येतं कसं, हे कळलं की पथक काय शोधतंय ते समजेल. खोलवर खडक दाबले जातात, तापतात आणि त्यांतलं पाणी बाहेर पडतं. साधारण 250 ते 400 अंश तापमानाचं हे गंधकयुक्त पाणी वाटेतलं सोनं विरघळवून घेतं आणि खडक जिथे सरकून चिरडले गेलेत अशा पट्ट्यांतून वर चढतं. मध्येच लोहयुक्त खडक लागला की पाण्यातलं गंधक लोखंडाशी जुळून पायराइट हे खनिज बनतं. गंधक गेलं की सोन्याला पाण्यात राहता येत नाही, ते तिथेच बसतं. गारगोटीच्या शिरा, त्यांच्या कडेला गंजलेला तांबूस खडक, सोबतीला आर्सेनिक: अशा जोड्या आम्ही पाहतो. आर्सेनिक मातीत सोन्यापेक्षा जास्त प्रमाणात आणि जास्त दूरवर पसरतं, म्हणून आधी तेच हाती लागतं. नुसती पांढरीशुभ्र गारगोटी दिसली की गावकरी आनंदतात. ती बहुतेक वेळा रिकामी असते.

आता मातीबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळं काम इथे तरतं किंवा बुडतं. आपण मोजतो ते अब्जात काही भाग. त्याला पीपीबी म्हणतात. साध्या मातीत सोनं दोन-चार पीपीबी किंवा त्याहूनही कमी असतं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला ट्रॉपिकाना नावाची मोठी खाण आहे. तिचा माग लागला तो एका कंपनीच्या सरकारदरबारी जमा असलेल्या जुन्या नोंदींतून. त्यात मातीतल्या सोन्याचा आकडा होता 31 पीपीबी. पुढे 2005 साली साठा सापडला आणि 2013 साली पहिलं सोनं निघालं. मोलाचा आकडा इतका लहान असू शकतो. पण नमुना घेणाऱ्याच्या अंगठीचा एक मायक्रोग्रॅम कण झिजून 30 ग्रॅम मातीत गेला, तरी आकडा 33 पीपीबी येतो. म्हणून नमुने घेताना अंगठी, कडं, साखळी काढून ठेवायचा दंडक असतो. तो पाळला जात नसेल तर मी त्या पथकाचा एकही आकडा मानणार नाही.

तुमच्या भागात अडचण आणखी वेगळी आहे. धानाच्या बांध्या पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून सपाट केलेल्या, तेव्हा वरची माती खालच्या कातळाची राहिलेलीच नसते. त्यात मालगुजारी तलाव, म्हणजे सिंचनासाठी बांधलेले जुने गावतलाव. नाल्यातला गाळ वरच्या पाणलोटाची खबर घेऊन येतो, पण मधे तलाव असला की ती खबर तलावात अडते. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, खालचा नमुना वरच्या डोंगराबद्दल फारसं काही सांगत नाही. शिवाय 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत तलावातला गाळ उपसून शेतात टाकला जातोय. शेतीसाठी ते उत्तमच, पण शेतातल्या नमुन्यात आकडा वाढलेला दिसला तर तो त्या शेताचा की तीन किलोमीटरवरून आलेल्या गाळाचा, हे कसं ठरवायचं? कर्नाटकातल्या लाल मातीत सरावलेला माणूस इथे हमखास फसतो.

आकडा खरा ठरला तरी पुढची वाट लांब आहे. नमुने घेण्याच्या जागांची जाळी लहान करत जायची, चर खणून कातळ उघडा करायचा, त्यावर आडवी खाच घेऊन नमुने घ्यायचे आणि मग ड्रिलिंग. सरकारी भाषेत जी-4 (प्राथमिक पाहणी) पासून जी-1 (सविस्तर शोध) पर्यंतचे टप्पे. बहुतेक जागा जी-4 लाच गळतात आणि गळाव्यातच. सोन्याचे कण खडकात सारखे पसरलेले नसतात, एका नमुन्यात एखादा कण सापडला तर आकडा डोळे दिपवतो आणि हातभर अंतरावर शून्य येतं. एका बोअरमधल्या चमकदार आकड्यावर बातमी छापणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी.

सोनभद्र आठवतं? फेब्रुवारी 2020 मध्ये उत्तर प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात 3,000 टनांहून जास्त सोनं सापडल्याची बातमी देशभर झळकली. सर्वेक्षणाने लगेच खुलासा केला: 52,806.25 टन खनिज, टनाला सरासरी 3.03 ग्रॅम सोनं. गुणाकार करा, 160 किलो होतात. हजारो पटींनी फुगलेल्या आकड्यावर लोक नाचले. यापुढे कुठलीही बातमी वाचलीत तर दोनच गोष्टी शोधा, खनिज किती टन आणि टनाला सोनं किती ग्रॅम. तीन ग्रॅम म्हणजे साधारण 70 सेंटिमीटर बाजूच्या दगडी ठोकळ्यात एका नाजूक अंगठीपुरतं सोनं.

जमिनीचं म्हणाल तर शोधकाम म्हणजे भूसंपादन नाही. नमुने घेतल्याने मालकी बदलत नाही. चर खणल्याने किंवा यंत्र शेतात नेल्याने नुकसान झालं तर भरपाईची तरतूद खाण कायद्यात आहे, ती मागायला संकोचू नका. ड्रिलिंगचं यंत्र आलं तरच ग्रामपंचायतीने लेखी विचारणा करावी: काम कोणाचं, कोणत्या टप्प्याचं, किती बोअर. सर्वेक्षणाचे बरेच नकाशे आणि माहिती 'भूकोश' या संकेतस्थळावर मोफत पाहता येते. तुमच्या गावाचा भाग तिथे काढून बघा.

आणि पथक पुन्हा आलं तर त्यांना टाळू नका. तलावाचा गाळ कोणत्या शेतांत आणि कधी टाकला, ते दाखवा. विहिरी खणताना किती हातांवर कातळ लागला आणि कसले दगड निघाले, तेही सांगा. विहिरीच्या काठावर पडलेला तो दगडांचा ढीग त्यांना दाखवा. बांध्यांच्या त्या मुलखात खालचा ताजा खडक बघायला मिळणारी जागा बऱ्याचदा तेवढीच असते.