अळूवडी घशाला का खाजते?

प्रश्न: मी तीन घरी स्वयंपाकाला जाते. पावसाळ्यात अळूवड्यांची फर्माईश असतेच. चिंच घालूनही त्या कधीकधी खाजतात. काय चुकतं?

उत्तर: आधी देठ बघा. काळपट देठाचं अळू वडीचं, हिरव्या देठाचं फदफद्याचं, म्हणजे पातळ भाजीचं. खाजवतात ते पानातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. १० मध्यम पानांना दीड वाटी बेसन आणि लिंबाएवढ्या चिंचेचा दाट कोळ घ्या. पान उलटं ठेवून जाड शिरा लाटण्याने चेपा, पीठ कडेपर्यंत लावा. कोरडा राहिलेला भागच जास्त खाजतो. पानं गुंडाळून केलेले उंडे २० ते २५ मिनिटं वाफवा. दुसरं घर गाठायच्या घाईत दहा मिनिटांत गॅस बंद होतो, बहुधा चूक तिथेच. गार झाल्यावरच कापा, नाहीतर वड्या सुटतात. आणि हो, पानं हाताळण्याआधी हाताला तेल!