वाघ मीडियम निघाला, पण जादूगार गेला ना भाऊ!

या वेळेस डी अँड डीवर (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट खेळायचा खेळ) बरेच प्रश्न आले आणि सगळ्यांचं दुखणं एकच, लढाई किती अवघड होईल याचा हिशोब बरोबर लावला तरी लढाई हिशोबासारखी होत नाही. म्हणून या महिन्याची सगळी जागा त्यालाच देतो. आकडे २०१४ च्या पाचव्या एडिशनचे आहेत, कारण प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांकडे तेच पुस्तक आहे.

प्रश्न: भाऊ, आमी चिमूरकडचे पोट्टे. मी डीएम (डंजन मास्टर, गोष्ट अन् मॉन्स्टर चालवणारा). चार जणं, सगळे पहिल्या लेव्हलचे. आमच्याकडे ताडोबा जवळ, मंग वाघ तं पाहिजेच ना, म्हणून एक वाघ टाकला. वाघाचे २०० एक्सपी (मॉन्स्टरचे पॉइंट), चौघांचं मीडियम (मधल्या अवघडपणाची लढाई) पण २००, बरोबर बसलं. पण पयल्याच राउंडला आमचा जादूगार खल्लास, त्याचे ७ एचपी (जीवाचे पॉइंट) होते. पोट्टा रुसून बसला, खेळाले येतच नाही. काहून झालं असं?

उत्तर: भाऊ, तुमची बेरीज शंभर टक्के बरोबर आहे. पहिल्या लेव्हलला माणशी ५० म्हणजे मीडियम, चौघांचे २००, आणि वाघ सीआर १ (चॅलेंज रेटिंग, प्राणी किती भारी त्याचा आकडा), म्हणजे २००. पण हा आकडा अख्ख्या पार्टीचा आहे आणि वाघ काही अख्ख्या पार्टीवर उडी मारत नाही, तो एकावर मारतो.

आता त्या एका उडीत काय काय होतं ते पहा. वाघ २० फूट सरळ धावत आला आणि पंजा लागला की समोरच्याला स्ट्रेंग्थचा १३ चा सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचा फासा) मारावा लागतो, नाही जमला तर तो आडवा, आणि आडवा झाला की वाघाला त्याच टर्नमध्ये बोनस ॲक्शनवर चावाही मिळतो. पंज्याचं सरासरी डॅमेज ७, तुमच्या जादूगाराचे एचपीही ७, म्हणजे पंज्यानंच तो बेशुद्ध. बेशुद्ध माणसाचा स्ट्रेंग्थ सेव्ह आपोआप फेल, आणि त्याच्यावर जवळून घाव बसला की तो क्रिटच (डॅमेजचे फासे दुप्पट) धरायचा. चाव्याचा क्रिट म्हणजे दोन डी१० (दहा बाजूंचे फासे) अधिक ३, सरासरी १४. शून्यावर पडलेल्याला एकाच घावात त्याच्या पूर्ण एचपीइतकं डॅमेज बसलं की डेथ सेव्ह (जगतो की मरतो ते ठरवणारे फासे) नाही काही नाही, माणूस जागेवर गेला. यात तुमचा एकही नियम चुकला नाही, फासेही काही वेगळे पडले नाहीत, सरासरीतच तो मेला.

म्हणून माझं सांगणं असं की एक्सपीची बेरीज झाली की लगेच दुसरा हिशोब करायचा, तो कुठल्या तक्त्यात नाही. या प्राण्यानं एका टर्नमध्ये सगळे घाव एकाच माणसावर मारले तर किती डॅमेज, आणि पार्टीतल्या सगळ्यात नाजूक माणसाचे एचपी किती. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर तक्ता काहीही म्हणो, ती लढाई जीवघेणी आहे. पहिल्या दोन लेव्हलला हे फार होतं, तिसरीपासून जरा श्वास घेता येतो.

याचा अर्थ वाघ काढून टाका असं मी अजिबात म्हणत नाही, चिमूरच्या पोरांनी वाघ नाही खेळवायचा तर कोणी खेळवायचा! पण तो असा ठेवा की आधी कळेल. पगमार्क दिसले, सांबरानं कॉल दिला, वांदरं ओरडली, हे तुमच्या टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत आहे, सांगायचीही गरज नाही. मग पोरं आपोआप जादूगाराला मधात घेतील, झाडाझुडपातून जातील, म्हणजे वाघाला २० फूट सरळ धाव मिळणार नाही आणि ती आडवं पाडायची भानगडच गेली. वाघ तोच, २०० एक्सपीही तेच. आणि त्या रुसलेल्या पोराला नवीन कॅरेक्टर एकट्याला करायला लावू नका, सगळे मिळून बनवा, येईल तो.

प्रश्न: नमस्कार. आम्ही धारणीजवळ खेळतो, लेव्हल दोन. एका रविवारी सहा जण येतात, सोयाबीन सोंगणीला आली किंवा कापूस वेचायला लागला की तीनच. मी मेळघाटातल्या रानकुत्र्यांचा कळप ठेवलाय, लांडग्याचे आकडे वापरून, सहा नग. किती येतील तेच माहीत नसतं तर तयारी करायची कशी?

उत्तर: ताई, रानकुत्र्यांना लांडग्याचे आकडे एकदम फिट बसतात, दोघंही कळपानंच शिकार करतात. आधी बेरीज. एक लांडगा ५० एक्सपी, सहाचे ३००. तीन ते सहा मॉन्स्टर असले की दुपटीनं गुणायचं, म्हणजे ६००. तीन खेळाडू आले तर दुसऱ्या लेव्हलचं डेडली माणशी २००, तिघांचं ६००, म्हणजे लढाई बरोब्बर डेडलीवर. आता सहा आले तर दोन गोष्टी एकदम बदलतात. पार्टी सहाची झाली की गुणक एक पायरी खाली येतो, दीड होतो, म्हणजे ४५०, आणि सहा जणांचं मीडियमच ६०० आहे. तोच कळप एका रविवारी जीव घेणारा आणि दुसऱ्या रविवारी मीडियमपेक्षाही सोपा.

त्यामुळे कळप एकदम सोडूच नका. आधी तीन पुढे येऊ द्या (१५० दुणे ३००, तिघांसाठी नेमकं मीडियम) आणि बाकीचे तीन बांबूच्या रांजीत शिट्टी घालत फिरताहेत एवढं ऐकू द्या, रानकुत्रा शिट्टी घालतो हे मेळघाटात कोणाला सांगायला नको. सहा खेळाडू आलेत आणि मजेत चाललंय तर दुसऱ्या राउंडला ते तीन आणा, तीनच आलेत आणि एक पडलाय तर आणू नका. यात फसवणूक बिलकुल नाही, कारण शिट्टी सगळ्यांनी आधीच ऐकलेली असते. जे एकदा समोर आणलं त्याचे एचपी मात्र गुपचूप कमी करू नका, पोरांच्या ते लक्षात येतं आणि मग जिंकल्याचा आनंदच जातो.

अजून एक, लांडग्याचं पॅक टॅक्टिक्स विसरू नका. जोडीदार सावजाच्या ५ फुटांत असला की ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा), म्हणून दोन लांडगे एकाच माणसाजवळ गेले की त्रास दुपटीहून जास्त होतो. कळपातले निम्मे पडले की उरलेले पळतील असं आधीच ठरवून ठेवा. जनावर मरेपर्यंत लढत नाही.

प्रश्न: २०२४ चं नवीन डीएम गाईड घ्यावं का? हिशोब सोपा झालाय म्हणे.

उत्तर: सोपा झालाय हे खरं. ईझी, मीडियम, हार्ड आणि डेडली या चारच्या ऐवजी तीनच पायऱ्या, लो, मॉडरेट आणि हाय, आणि मॉन्स्टरच्या संख्येचा गुणक काढून टाकलाय. वर चिमूरवाल्यांनी टाकले तेवढे २०० एक्सपी नवीन तक्त्यात चौघांसाठी चक्क लो मध्ये जातात, तेव्हा नाजूक माणसाचे एचपी बघायचं काम काही सुटत नाही. फक्त हिशोबासाठी पैसे घालू नका. जुन्या एडिशनचे मूळ नियम आणि बरेचसे मॉन्स्टर एसआरडी ५.१ या नियमांच्या दस्तऐवजात फुकट मिळतात, २०२३ पासून ते क्रिएटिव्ह कॉमन्सवर (कोणालाही वापरता येणाऱ्या खुल्या परवान्यावर) आहे.

प्रश्न: आमचं उलटंच आहे बाप्पा. पाच जण, लेव्हल चार, चिखलदऱ्याच्या गाविलगडावर एकटा हिल जायंट ठेवला होता, १८०० एक्सपी, म्हणजे जवळजवळ हार्ड. दोन राउंडमध्ये लोळवला त्याला! महिनाभर त्याची गोष्ट रंगवली होती.

उत्तर: बैल कितीही दांडगा असला तरी पाच जणांनी पाच बाजूंनी दोर ओढले की त्याचं चालत नाही, तसं झालं. जायंटला एका राउंडला एक टर्न, तुमच्या पोरांना पाच. त्याचे १०५ एचपी ऐकायला मोठे वाटतात, पण एसी (घाव लागायला गाठायचा आकडा) फक्त १३, म्हणजे बहुतेक घाव लागतातच, आणि पाच जणांनी सरासरी दहा-दहा काढले तरी दोन राउंडला शंभर झाले.

दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. जुनं पुस्तक धरून चालतं की एका दिवसात पार्टी सहा ते आठ मीडियम-हार्ड लढाया करेल, मधात दोन शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) घेईल. आपल्याकडे रविवारी एक लढाई होते, तोवर लाइट गेली किंवा कोणाच्या घरून फोन आला की डाव संपला. म्हणजे प्रत्येक लढाईला पोरं सगळे स्पेल शिल्लक ठेवून येतात आणि पहिल्याच राउंडला सगळं उधळतात. ते हार्ड वगैरे शब्द ताज्या पार्टीला लागूच पडत नाहीत.

तर पुढच्या वेळी रविवार संपला म्हणून कॅरेक्टरांची रात्र होऊ देऊ नका (झोपले की स्पेल परत मिळतात), तोच दिवस पुढच्या रविवारी चालू ठेवा, वापरलेले स्पेल वहीत लिहून घ्या. आणि जायंटला एकटा ठेवू नका. चार गॉब्लिन दिले तर बेरीज २००० आणि पाच मॉन्स्टरच्या दुपटीनं ४००० दिसेल, ते बघून घाबरू नका, फारच कमी सीआरचे मॉन्स्टर गुणकात मोजू नका असं पुस्तकच सांगतं, ते फक्त पोरांचे टर्न खायला आहेत. जागाही नीट वापरा, गाविलगडासारखा किल्ला हाताशी असून जायंट सपाट अंगणात उभा केला तर काय उपयोग? त्याला वरच्या बुरुजावर ठेवा, तिथून तो ६० फुटांपर्यंत सहज दगड फेकतो, सरासरी २१ डॅमेज, आणि पोरांना खालच्या दरवाज्यापासून चढत येऊ द्या. वर पोचेपर्यंत दोन-तीन राउंड जातील, निम्मे स्पेलही जातील. फक्त नाजूक माणसाचे एचपी २१ च्या वर आहेत ना ते आधी बघा, नसतील तर पहिला दगड कोणाला तरी दुसऱ्याला मारा. झालं की कळवा, किती राउंड टिकला ते.