वाचकांचे प्रश्न : घरच्या फळांच्या वाईनला घाई चालत नाही

या अंकासाठी आलेले बहुतेक प्रश्न परदेशात राहणाऱ्या वाचकांचे आहेत. त्याचं कारण नाशिकच्या प्रश्नाच्या उत्तरात कळेल.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड) : ऑगस्टअखेर इथे कुंपणांवर ब्लॅकबेरी भरपूर येतात. ४.५ लिटरचा एक काचेचा डेमिजॉन (अरुंद गळ्याची मोठी बरणी) घेतला आहे. पहिल्यांदाच वाईन करायची आहे, तर प्रमाण आणि क्रम सांगाल का?

सुरुवातीला ब्लॅकबेरी घेतलीत हे छान केलंत. रंग, आंबटपणा आणि तुरटपणा तिच्यात मुळातच असतो, त्यामुळे वरून फारसं काही घालावं लागत नाही. पूर्ण पिकलेली, बुरशी नसलेली फळं १.८ किलो, पाणी ३ लिटर, साखर आधी ८०० ग्रॅम, पेक्टिक एन्झाइम (फळांतलं पेक्टिन तोडणारं) आणि यीस्टचं खाद्य प्रत्येकी एक चमचा, कॅम्पडनची (सल्फाइटची) एक गोळी आणि वाईन यीस्टचं ५ ग्रॅमचं पाकीट, एवढं लागेल. पावासाठी मिळणारं यीस्ट घेऊ नका. ते बऱ्याचदा मध्येच दमतं आणि तळाला नीट बसत नाही.

फळं धुऊन दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बर्फामुळे पेशी फुटतात आणि रस सहज सुटतो. फळं शिजवू मात्र नका, शिजवल्यावर पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळांतला पदार्थ, सुटतं आणि वाईन गढूळ राहते. वितळलेली फळं जाळीच्या पिशवीत भरून झाकणाच्या १० लिटरच्या बादलीत ठेवा आणि हाताने कुस्करा. साखर पाण्यात विरघळवून ते पाणी गार झाल्यावर ओता. कॅम्पडनची गोळी कुटून मिसळा. रानटी यीस्ट आणि जिवाणू ती आवरते. बारा तासांनी एन्झाइम घाला, आणखी बारा तासांनी यीस्ट आणि त्याचं खाद्य. गोळीनंतर चोवीस तास न थांबता यीस्ट घातलं, तर तेही दबतं.

यीस्ट घालण्याआधी हायड्रोमीटर (द्रवाची घनता, आणि त्यावरून साखर, दाखवणारी काचेची नळी) बुडवा. आकडा १.०८५ ते १.०९० हवा. १.०७५ दिसला तर सुमारे १२० ग्रॅम साखर आणखी घाला, तो दहा अंकांनी चढेल, म्हणजे १.०८५ होईल. यातून साधारण १२ टक्के अल्कोहोलची वाईन होते, आणि टिकण्यासाठी तेवढं पुरतं. जास्त साखर म्हणजे जास्त चांगली वाईन, हा समज सोडा. यीस्टला न पेलणारी साखर घातली की आंबणं अडतं.

बादली १८ ते २४ अंश सेल्सियसला ठेवा. तरंगणारी पिशवी दिवसातून दोनदा खाली दाबा. ती कोरडी पडली तर वरच्या चोथ्यावर बुरशी धरते. पाच-सहा दिवसांनी पिशवी काढून हलकेच निथळू द्या. करकचून पिळलीत तर बियांचा कडवटपणा उतरतो. मग नळीने सगळं डेमिजॉनमध्ये भरा, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं, पण हवा आत येऊ न देणारं झाकण) लावा आणि फेसासाठी सुरुवातीला चार बोटं जागा ठेवा.

वाईनला लागणारी प्रत्येक वस्तू आधी धुवा आणि मग निर्जंतुक करा. ही दोन वेगळी कामं आहेत. चिकट राहिलेल्या भांड्यावर निर्जंतुक करणारं द्रावण काम करत नाही.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : दहाव्या दिवशी एअरलॉकमधले बुडबुडे थांबले. वाईन झाली का? शिवाय सडक्या अंड्यासारखा वास येतो.

बुडबुड्यांवर विसंबू नका. बूच सैल असलं, किंवा खोली गार पडली, तरी ते थांबतात. आणि आंबणं संपल्यावरही नुसत्या उन्हाने पुन्हा येऊ शकतात. हायड्रोमीटरचा आकडा ०.९९० ते ०.९९८ च्या आसपास असेल आणि तीन-चार दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आला, तर आंबणं संपलं.

आकडा १.०२० वर अडला असेल तर बहुतेक वेळा कारण थंडी किंवा खाद्याची कमतरता असतं. डेमिजॉन २१-२२ अंशांच्या जागी आणा आणि साका हलकेच ढवळा. चार दिवसांत फरक नाही पडला तर नवं यीस्ट कोमट, किंचित साखरेच्या पाण्यात फसफसू द्या, त्यात अडलेली वाईन थोडी थोडी, काही तासांच्या अंतराने घाला आणि मग तो जोमदार घोळ मोठ्या बरणीत ओता. कोरडं यीस्ट थेट टाकलं तर आधीच असलेल्या अल्कोहोलमध्ये ते मरतं.

अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. उपाशी किंवा उष्णतेने त्रासलेलं यीस्ट तो सोडतं. आंबणं अजून चालू असेल तर जरासं खाद्य द्या. संपलं असेल तर साका मागे ठेवून वाईन जरा उंचावरून, खळखळत दुसऱ्या बरणीत उतरवा. हे लगेच करा, जुना झालेला हा वास सहसा निघत नाही. आणि एक गोष्ट: अमेरिकी गॅलन ३.८ लिटरचा, ब्रिटिश ४.५ लिटरचा. कृती कुठली आहे ते न पाहता प्रमाण घेतलं की साखर चुकते.

प्रश्न (लंडन) : डब्यातल्या हापूसच्या रसाची वाईन होईल का?

होईल, पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला करा. डब्यावरची घटकांची यादी आधी वाचा. सॉर्बेट किंवा बेन्झोएट ही टिकवण्याची रसायनं असतील तर यीस्ट चालणार नाही. साखर बहुतेक डब्यांत आधीच घातलेली असते, म्हणून हायड्रोमीटर बघितल्याशिवाय वरून घालू नका. ४.५ लिटरला ८५० ग्रॅमचे दोन डबे पुरेत. पेक्टिक एन्झाइम दुप्पट घ्या. आंब्यात तुरटपणा जवळपास नसतो, तेव्हा एक कप कडक कोरा चहा घाला. चव सपाट वाटली तर टार्टारिक आम्ल अर्धा-अर्धा चमचा, चाखत. गाळ खूप बसतो आणि त्यात बरीच वाईन जाते, म्हणून सुरुवातीलाच पाऊण-एक लिटर जादा करा. तयार वाईनला आमरसाचा वास येईल ही अपेक्षा ठेवू नका. आंबताना बराच सुवास वायूबरोबर निघून जातो.

प्रश्न (नाशिक) : इथे घरी जांभळाची वाईन करता येईल का?

नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. घरापुरतं केलं, विकलं नाही, तरी सूट नाही. इंग्लंडमध्ये स्वतःच्या वापरापुरती वाईन करायला परवानगी आहे. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन चालते. ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टी लावणं, मात्र या दोन्ही देशांत परवान्याशिवाय बेकायदा आहे.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : तीन महिन्यांची प्लमची वाईन तिखट आणि कच्ची लागते. किती मुरवायची? थोडी गोडही करायची आहे.

तीन महिन्यांची फळांची वाईन अशीच लागते. ती ओतून देऊ नका, सहा ते बारा महिन्यांत ती बरीच मवाळ होते. जांभूळ, ब्लॅकबेरी अशा तुरट फळांना वर्ष-दीड वर्ष द्या. स्ट्रॉबेरी आणि पीचची वाईन मात्र लवकर प्यावी, तिचा रंग आणि वास टिकत नाही.

मुरवण बाटलीत नव्हे, आधी मोठ्या बरणीत करा. पहिला जाड साका बसला की तीन-चार आठवड्यांत वाईन उतरवून घ्या. मेलेलं यीस्ट कुजू लागलं तर चव बिघडते. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी, साका दिसेल तेव्हाच. प्रत्येक वेळी नळीचं टोक तळाशी ठेवा, शिंतोडे उडू देऊ नका, आणि एकाआड एक खेपेला कॅम्पडनची एक गोळी. (घरात कुणाला दमा असेल तर सल्फाइटचं त्यांना सांगा.) बरणी गळ्यापर्यंत भरलेली हवी. रिकामी जागा राहिली तर तशीच वाईन घाला किंवा निर्जंतुक केलेल्या काचेच्या गोट्या टाका. पहिल्या वाईनचा व्हिनेगर होतो तो बहुधा इथेच: अर्धी भरलेली बरणी, आत हवा, आणि फळमाश्यांनी आणलेले जिवाणू. जागा अंधारी हवी. १२ ते १५ अंश उत्तम, पण तापमान सारखं वरखाली न होणं जास्त महत्त्वाचं.

गोड करायची तर वाईन निवळलेली आणि आकडा स्थिर असायला हवा. लिटरला ०.२ ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट आणि सोबत कॅम्पडन घाला. नुसतं सॉर्बेट घातलं तर काही जिवाणू त्याचा जिरेनियमच्या पानांसारखा वास करतात आणि तो कधीच जात नाही. चालू आंबणं सॉर्बेट थांबवत नाही, ते फक्त नव्याने सुरू होऊ देत नाही. दुसऱ्या दिवशी लिटरला १० ग्रॅम साखरेपासून सुरुवात करा, चाखा, हवी तर वाढवा, आणि एअरलॉक लावून तीन आठवडे थांबा. आकडा हलला नाही तरच बाटल्या भरा. यात घाई केली तर बाटलीत पुन्हा आंबणं सुरू होतं आणि काच फुटते. इजा होण्याइतकं हे गंभीर आहे.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड) : आठ महिने झाले, तरी वाईन निवळत नाही.

चमचाभर वाईन तीन-चार चमचे मेथिलेटेड स्पिरिटमध्ये मिसळा आणि अर्धा तास थांबा. गुठळ्या किंवा तंतू दिसले तर दोष पेक्टिनचा. हे मिश्रण विषारी आहे, तपासून लगेच टाकून द्या. बरणीत दुप्पट एन्झाइम घालून ती आठवडाभर २० अंशांच्या वर ठेवा. अल्कोहोलमध्ये एन्झाइम सावकाश चालतं. गुठळ्या नाही आल्या तर बेंटोनाइट (गाळ खाली ओढणारी एक माती) वापरा: लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, ढवळून. दहा-बारा दिवसांत साका बसला की वाईन उतरवून घ्या.