एनएफएस रीडसाठी नवा ट्रेसपॉइंट: नाव काय द्यायचं, कुठे टाकायचा?

तुम्ही विचारलंय की नागपुरातल्या कॉलेज लॅबमध्ये लिनक्स मशीनच्या होम डिरेक्टरी एनएफएसवर (सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरायची सोय) आहेत, मोठ्या फाइली वाचताना मशीन रखडतं, तर रीडच्या वाटेवर स्वतःचा ट्रेसपॉइंट (लिनक्सच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलच्या कोडमधली, घटनेची नोंद करणारी खूण) कसा टाकायचा.

आधी आहेत ते बघा. ट्रेसिंग डिरेक्टरीत इव्हेंट्सखाली एनएफएस उघडलं की रीडचे बरेच इव्हेंट दिसतील. एनएफएस_एओपी_रीडअहेड म्हणजे पेज कॅशकडून (फाइलींची वाचलेली पानं मेमरीत ठेवणारा भाग) आलेली मागणी, एनएफएस_इनिशिएट_रीड म्हणजे सर्व्हरकडे निघालेली आरपीसी (नेटवर्कवरची विनंती), एनएफएस_रीडपेज_डन म्हणजे तिचं उत्तर. लोक फसतात ते एनएफएस_एओपी_रीडअहेड_डनला. तो आला म्हणजे डेटा आला, असं नाही. विनंत्या पाठवून फंक्शन परतलं, एवढंच. रीडअहेड आणि रीडअहेड_डन यांच्या वेळांची वजाबाकी करून नेटवर्कला दोष देऊ नका. नेटवर्क आणि सर्व्हरचा वेळ इनिशिएट_रीड ते रीडपेज_डन यात मोजा, जोड्या ऑफसेट (फाइलीतली जागा) आणि फाइलआयडीवरून (फाइलचा क्रमांक) लावा.

तरीही नवा हवाच असेल, तर नावात सबसिस्टिम, थर, काम आणि शेवटी हवं तर _डन, हा क्रम ठेवा. आतल्या फंक्शनच्या नावाला बांधून घेऊ नका. लिनक्स 5.19 मध्ये कर्नलमधून पान वाचणारं रीडपेज फंक्शन जाऊन त्याजागी रीड_फोलिओ आलं, ट्रेसपॉइंट मात्र एनएफएस_एओपी_रीडपेज याच नावाने राहिला, म्हणून लोकांच्या स्क्रिप्ट चालत राहिल्या.

व्याख्या एनएफएसट्रेस.एच मध्ये लिहा. फील्ड सारखीच असतील तर इव्हेंट क्लास (फील्डचा सामाईक साचा) एकदाच करून डिफाइन_इव्हेंटने नावं काढा. या व्याख्यांचा खरा कोड तयार करायला लावणारा क्रिएट_ट्रेस_पॉइंट्स हा मॅक्रो एनएफएसट्रेस.सी मध्ये आधीच आहे. दुसऱ्या फाइलीत पुन्हा लिहिलंत तर लिंकर डुप्लिकेट सिम्बॉलची तक्रार करेल. एनएफएसव्ही4 मॉड्यूलमधून तोच इव्हेंट वापरायचा असेल तर तो एक्स्पोर्टही करावा लागतो.

रेकॉर्डमध्ये आयनोडचा (कर्नलमधली फाइलची नोंद) पॉइंटर ठेवून टीपी_प्रिंटके (छापायच्या ओळीचा साचा) मध्ये तो उघडू नका. ती ओळ छापली जाते नंतर, तोवर आयनोड मोकळा झालेला असू शकतो. डिव्हाइस, फाइलआयडी, फाइल हँडलचा (सर्व्हरने फाइलला दिलेली ओळख) हॅश, ऑफसेट, सगळं इव्हेंटच्या क्षणीच कॉपी करा. पानांची संख्याही फंक्शनच्या सुरुवातीलाच व्हेरिएबलमध्ये घ्या, कारण पानं उचलली जातात तसा रीडअहेड_काउंट (उरलेल्या पानांची संख्या) घटत जातो. आणि _डन प्रत्येक रिटर्नच्या वाटेवर लागला पाहिजे, एररसकट.

तुमच्या लॅबपुरतं आधी रीड_अहेड_केबी (किती केबी आगाऊ वाचायचं ते सेटिंग) तपासा. लिनक्स 5.4 पासून एनएफएसला तो डीफॉल्ट 128 मिळतो, त्यामुळे आरसाइझ (एका रीड विनंतीची कमाल मर्यादा) 1 एमबी असूनही सलग वाचनात इनिशिएट_रीडचा काउंट बहुधा 131072 बाइट, म्हणजे 128 केबीच दिसेल.