वाचकांचे प्रश्न : सोर्स कोड नसलेला जुना प्रोग्राम वाचता येतो का?

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीतील आमच्या लहान कारखान्यात इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याला जोडलेला, विंडोजवर चालणारा एक जुना प्रोग्राम आहे. तो लिहून देणाऱ्यांनी व्यवसाय केव्हाच बंद केला असून सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) आमच्याजवळ नाही. वजनांच्या नोंदी ज्या फाइलमध्ये साठतात, ती दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही आणि त्या नोंदी आम्हाला नव्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायच्या आहेत. माझा मुलगा म्हणतो की, इंटरॅक्टिव्ह डिसअसेंबलर वापरून सोर्स कोड परत मिळवता येईल. हे शक्य आहे का आणि कायद्याला धरून आहे का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : मूळ सोर्स कोड परत मिळणार नाही, कारण प्रोग्राम कंपाइल होताना, म्हणजे सोर्स कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर होताना, त्यातील टिपा आणि बहुतेक नावे गळून पडतात आणि उरतात ती प्रोसेसरला कळणारी बाइट्स. सुदैवाने आपल्याला सोर्स कोडची गरजही नाही. एक नोंद फाइलमध्ये कशी लिहिली जाते, एवढेच समजले तरी आपले काम होईल.

म्हणून आधी सोपे उपाय करून पाहावेत. आपल्याकडील कारखान्यांसाठी त्या काळी पुष्कळसे प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक किंवा फॉक्सप्रोमध्ये लिहिले जात. फाइलची प्रत हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधील प्रत्येक बाइट दाखवणाऱ्या साधनात) उघडल्यावर सुरुवातीलाच ‘स्टँडर्ड जेट डीबी’ अशी इंग्रजी अक्षरे दिसली, तर ती मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरची साधी फाइल आहे, मग तिच्या नावाचा शेवटचा भाग (एक्स्टेन्शन) काहीही ठेवलेला असो. तसे नसेल, तर काट्यावर आधी १०० किलो आणि मग १०१ किलो वजनाची नोंद करून दोन्ही वेळच्या फाइली शेजारी शेजारी ठेवाव्यात व कोणती बाइट्स बदलली ते पाहावे. माझ्या मते निम्मी कोडी इथेच सुटतात, आणि चिरंजीवांना हे थोडे नीरस वाटले तरी सुरुवात इथूनच करावी.

एवढ्याने भागले नाही, तरच डिसअसेंबलर हाती घ्यावा. तो बाइट्सचे असेंब्ली भाषेत, म्हणजे प्रोसेसरच्या आज्ञा शब्दांत लिहिण्याच्या भाषेत, रूपांतर करतो. उदाहरणार्थ, ३२-बिट प्रोग्राममधील फंक्शनच्या (एक ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याच्या) आरंभी अनेकदा ‘५५ ८बी ईसी’ ही तीन बाइट्स आढळतात. त्यांतील पहिले ‘पुश ईबीपी’ आणि पुढची दोन मिळून ‘मूव्ह ईबीपी, ईएसपी’ असे वाचले जाते. अडचण अशी की, इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरमध्ये एक आज्ञा १ ते १५ बाइट्स इतकी कमी-जास्त लांबीची असते, शिवाय आज्ञांच्या मध्येच माहितीही ठेवलेली असू शकते. वाचन एका बाइटने जरी चुकीच्या जागी सुरू झाले, तरी पुढच्या काही ओळी निरर्थक होतात. त्यामुळे यंत्राने अंदाज करायचा आणि माणसाने तो दुरुस्त करायचा, हीच ‘इंटरॅक्टिव्ह’ प्रकारच्या साधनांची कार्यपद्धती आहे. इल्फाक गिल्फानोव यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी लिहिलेला आयडीए हा त्यांतील सर्वांत नावाजलेला. तो आता बेल्जियममधील हेक्स-रेज ही कंपनी विकते आणि व्यावसायिक परवाना महाग असतो. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०१९ साली खुला केलेला गिद्रा विनामूल्य आहे, त्यात असेंब्लीवरून सी भाषेसारखा मजकूर तयार करणारा डिकंपायलरही येतो; आपल्या कामासाठी मी तोच सुचवेन.

गिद्रामध्ये प्रोग्राम उघडल्यावर पहिल्या ओळीपासून वाचत बसू नये. फाइलमध्ये लिहिण्यासाठी सहसा विंडोजचे ‘राइटफाइल’ हे फंक्शन वापरले जाते. आयात केलेल्या फंक्शनांच्या यादीत ते शोधून त्याचा वापर कुठून कुठून होतो, एवढे पाहावे. तिथे पोहोचल्यावर ‘फन’ आणि पुढे पत्ता अशा यांत्रिक नावाचे एखादे फंक्शन सापडेल. ‘एल’ कळ दाबून त्याला ‘नोंदलिहा’ असे काही नाव दिले की, तेच नाव सर्वत्र दिसू लागते आणि अनोळखी मजकूर हळूहळू वाचनीय होत जातो. समजा, ते फंक्शन दर वेळी ४८ बाइट्स लिहीत असेल आणि काट्याकडून आलेला आकडा त्यांतील सोळाव्या स्थानापासून ठेवत असेल, तर वजनाची जागा सापडली. प्रोग्राम व्हिज्युअल बेसिकच्या पी-कोडमध्ये असेल, तर मात्र या मार्गाने फारसे हाती लागणार नाही, कारण ती बाइट्स प्रोसेसरच्या आज्ञा नसतात.

कायद्याविषयी सांगायचे, तर कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ (१) (एबी) नुसार, प्रोग्राम कायदेशीररीत्या जवळ असणाऱ्याला, स्वतंत्रपणे तयार केलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जोडण्यासाठी अत्यावश्यक असलेली माहिती मिळवता येते. मात्र ती माहिती अन्य मार्गाने सहज उपलब्ध नसावी, अशी अट आहे. आपले काम या चौकटीत बसते, असे मला वाटते. तरीही खरेदीच्या वेळचे करारपत्र सापडल्यास ते वकिलांना दाखवून घ्यावे. त्याच साधनाने परवान्याची तपासणी काढून टाकणे किंवा प्रोग्रामच्या प्रती वाटणे यांना या तरतुदीचा आधार मिळत नाही.